‘टाके आहेत’ एवढं कारण पुरत नाही

पहिलं बाळंतपण सिझरने झालेली बाई दुसऱ्यांदा गरोदर राहिली की सातव्या-आठव्या महिन्यात तपासणीच्या टेबलावरून उठता उठता चाचरत विचारते, “या वेळी नॉर्मल होईल का?” उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं: “टाके आहेत ना.” मग तारखेची चर्चा सुरू होते. घरी सासूबाई पंचांग काढतात, नवरा रजेचा अर्ज लिहितो. विचारणाऱ्या बाईचा प्रश्न मात्र तिथेच राहतो, कारण टाके आहेत हे तिला आधीपासूनच माहीत होतं. टाके असताना काय करता येतं, हे तिला विचारायचं होतं.

तिच्या प्रश्नाला खरं उत्तर आहे. आधीच्या सिझरचा छेद गर्भपिशवीच्या खालच्या भागात आडवा घेतलेला असेल, बाळाचं डोकं खाली असेल, वार गर्भपिशवीच्या तोंडाशी नसेल आणि गरज पडताच ऑपरेशन करता येईल अशी सोय असेल, तर बहुतेक बायकांना नैसर्गिक बाळंतपणाचा प्रयत्न करता येतो. ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१५ साली जी मार्गदर्शिका काढली, तिच्यानुसार असा प्रयत्न करणाऱ्या दर १०० जणींपैकी ७२ ते ७५ जणींचं बाळंतपण योनिमार्गे पार पडतं. आधी एकदा तरी नैसर्गिक बाळंतपण झालेलं असेल, तर हा आकडा ८५ ते ९० पर्यंत जातो. हे न सांगता ऑपरेशनच्या कागदावर घेतलेल्या सहीला मी संमती मानत नाही.

आता ‘टाके फुटतात’ हा आक्षेप. तो खोटा नाही, आणि त्याला हसण्यावारी नेणाऱ्यांशी माझं जमणार नाही. कळांच्या जोराने गर्भपिशवी जुन्या व्रणावर उसवू शकते. तसं झालं तर बाळाचे ठोके घसरतात, आईच्या पोटात रक्तस्राव होतो आणि हाती मोजकी मिनिटं उरतात. पण हे किती वेळा होतं? कळा आपणहून सुरू झाल्या असतील तर साधारण २०० जणींत एकदा. अमेरिकेतल्या १९ मोठ्या रुग्णालयांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रयत्न करणाऱ्या १७,८९८ बायकांपैकी १२४ जणींची पिशवी फाटली, म्हणजे ०.७ टक्के. त्याच अभ्यासात पूर्ण दिवसांच्या १२ बाळांच्या मेंदूला प्राणवायू कमी पडून इजा झाली. ठरवून सिझर केलेल्या गटात असं एकही बाळ नव्हतं. ही बाजूही आईला सांगितलीच पाहिजे. ब्रिटिश मार्गदर्शिकेने याला आणखी एक माप जोडलं आहे: बाळंतपणात बाळ दगावण्याचा या प्रयत्नातला धोका, पहिलटकरणीच्या कळांमध्ये जितका असतो तितकाच आहे. पहिलटकरणीला कोणी “तुमचं ठरवून सिझरच करू” म्हणत नाही. मग तेवढाच धोका दुसऱ्या खेपेला असह्य का ठरतो?

‘एकदा सिझर, की कायम सिझर’ हे सूत्र आलं कुठून, तेही पाहू. ते न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन या प्रसूतितज्ज्ञाचं, १९१६ सालचं. त्या काळी छेद पिशवीच्या वरच्या, जाड भागात उभा घेत. तो भाग कळांमध्ये जोराने आकुंचन पावतो, म्हणून तिथला व्रण उसवण्याची भीती खरोखर मोठी होती. आणि क्रेगिन यांचा रोख दुसऱ्या बाळंतपणापेक्षा पहिल्या ऑपरेशनवर होता: पुढचं सगळं त्यावर अवलंबून राहतं, म्हणून पहिलं सिझर सहज करू नका, असं ते आपल्या सहकाऱ्यांना बजावत होते. सूत्राला अपवाद असतात हेही त्यांनी तिथेच मांडलं; सिझरनंतर तीनदा नैसर्गिकरीत्या बाळंत झालेली बाई त्यांच्याच रुग्णांपैकी होती. पुढे ग्लासगोच्या मन्रो कर यांनी १९२० च्या दशकात खालच्या भागातला आडवा छेद रूढ केला, आणि सूत्राचा पायाच सरकला. सूत्र तेवढं आपल्या दवाखान्यांत टिकून राहिलं. त्यातला पहिला, मोलाचा अर्धा भाग आपण टाकून दिला आणि दुसरा अर्धा पाठ करून बसलो.

जाणकार मंडळी इथे अमेरिकेचा दाखला देतात: “त्यांनी करून पाहिलं आणि सोडलं.” दाखला अपुरा आहे. सिझर झालेल्या बायकांपैकी नैसर्गिकरीत्या बाळंत होणाऱ्यांचं प्रमाण तिथे १९९६ साली २८ टक्क्यांवर गेलं आणि दहा वर्षांत १० टक्क्यांच्या खाली आलं. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. एक, कळा आणण्यासाठी औषधांचा सढळ वापर झाला. २००१ सालच्या एका मोठ्या अभ्यासात आपणहून कळा आलेल्या दर हजार जणींत सुमारे ५ जणींची पिशवी फाटली होती. प्रोस्टाग्लँडिन देऊन कळा आणलेल्यांमध्ये हजारी २४ हून अधिक. दोन, तिथल्या तज्ज्ञसंघटनेने १९९९ साली ऑपरेशनची तयारी ‘तत्काळ उपलब्ध’ असावी अशी अट घातली आणि लहान रुग्णालयांनी हा पर्यायच बंद केला. २०१० साली याच संघटनेने आपली भूमिका सैल केली. यातून बोध निघतो तो एवढाच की व्रण असलेल्या पिशवीला घाई करू नये. प्रयत्नच करू नये, असा अर्थ त्यातून निघत नाही.

“पण सिझर किती सोपं झालंय आता! तासाभरात मोकळी,” हा पुढचा युक्तिवाद, आणि तो बहुधा बाळंतीण सोडून इतर सगळे करतात. दुसऱ्या सिझरनंतर घरी परतणाऱ्या बाईला विचारा. घरात दोन-तीन वर्षांचं मोठं लेकरू असतं. आई चार-पाच दिवस दिसलेली नसते, त्यामुळे ते धावत येऊन पोटावरच झेप घेतं, आणि आई हात आडवा धरते. त्याला कडेवर घ्यायचं नाही, असं डिस्चार्जच्या वेळी बजावलेलं असतं. कुशीवर वळताना, खोकताना, शौचाला बसताना, रात्री पाजायला उठताना पोट हाताने धरून ठेवावं लागतं. टाके असूनही नैसर्गिकरीत्या बाळंत झालेल्या बायका सगळ्यांत आधी काय सांगतात? विजयाची भाषा क्वचितच असते. “दुसऱ्या दिवशी मोठीला उचलून घेतलं.” “माझं मी उठून न्हाणीघरात गेले.” “बाळ लगेच अंगावर दिलं, या वेळी मी जागी होते.” कळा सोसवत नव्हत्या हेही त्या लपवत नाहीत. प्रत्येक कळेला टाक्याकडे लक्ष जायचं, आता काही उसवतंय का अशी धास्ती वाटायची, हेही सांगतात.

दिसत नाहीत असेही परिणाम आहेत. प्रत्येक सिझरगणिक वार जुन्या व्रणात रुतण्याची शक्यता वाढते. अमेरिकेतल्या ३०,१३२ सिझरच्या अभ्यासात (२००६), वार खाली असलेल्या बायकांपैकी दुसऱ्या सिझरच्या वेळी ११ टक्के जणींची वार अशी रुतलेली निघाली, तिसऱ्याच्या वेळी ४० टक्के. अशा वेळी रक्ताच्या बाटल्यांमागून बाटल्या लागतात आणि अनेकदा गर्भपिशवीच काढावी लागते. महाराष्ट्रात सरासरी बाईला दोनपेक्षा कमी मुलं होतात, मग तिसऱ्याची चिंता कशाला, असं कोणी म्हणेल. सरासरीपुरतं ते बरोबर आहे. पण नको असताना राहिलेले दिवस, दगावलेलं मूल, दुसरं लग्न यांचा हिशेब ऑपरेशन टेबलावर कोणी मांडून ठेवत नाही. आईच्या मृत्यूचा धोका दोन्ही पर्यायांत फार कमी आहे, तरी ब्रिटिश मार्गदर्शिकेनुसार तो ठरवून केलेल्या सिझरमध्ये लाखात १३ आणि प्रयत्नात लाखात ४ आहे. प्रयत्न फसून ऐनवेळी सिझर करावं लागलं तर मात्र सर्वांत जास्त गुंतागुंत होते, आणि चौथाई बायकांच्या वाट्याला ते येतं. निवड करायची ती हे सगळं समोर ठेवून.

एक आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. तालुक्याच्या गावातलं दहा खाटांचं प्रसूतिगृह, एकच डॉक्टर, भूलतज्ज्ञ फोन केल्यावर येणार, रक्तपेढी जिल्ह्याच्या ठिकाणी. रात्री दोनला पिशवी फाटली तर? त्या डॉक्टरांची भीती रास्त आहे. काही वाईट झालं तर दगड त्यांच्याच काचेवर पडणार असतात. अशा ठिकाणी हा प्रयत्न करूच नये, घरी तर मुळीच करू नये. पण मग उत्तर असं हवं: “माझ्याकडे सोय नाही. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आहे, चिठ्ठी देतो.” सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत असे प्रयत्न वर्षानुवर्षं होत आहेत. ‘माझ्याकडे होत नाही’ याऐवजी ‘तुम्हाला होणार नाही’ असं सांगितलं जातं, तेव्हा दवाखान्याची उणीव बाईच्या शरीरावर ढकलली जाते. शिवाय जिथे चोवीस तास भूलतज्ज्ञ, रक्त आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे, त्या शहरांतल्या मोठ्या खासगी रुग्णालयांतही ‘टाके आहेत ना’ हेच ऐकू येतं. तिथे कोणती अडचण असते? कळांवर बारा-चौदा तास लक्ष ठेवायला माणूस लागतं. ठरवलेलं ऑपरेशन दोन ओपीडींच्या मध्ये बसतं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी रुग्णालयांमधलं सिझरचं प्रमाण ४७.४ टक्के होतं, सरकारी रुग्णालयांत १४.३. खासगीत जाणाऱ्या बायका वयाने मोठ्या आणि शहरी असतात, हे मान्य. तेवढ्याने तिपटीहून जास्त फरक पडत नाही. आणि आजचं प्रत्येक पहिलं सिझर उद्याच्या ‘टाके आहेत ना’ची सोय करून ठेवतं.

“बायकाच सिझर मागतात,” असंही म्हणतात. काही मागतात, आणि त्यांना ते मिळावं. पहिल्या वेळी वीस तास कळा सोसून शेवटी पोट उघडावं लागलेल्या बाईला पुन्हा त्या खोलीत जायचं नसेल, तर तिला कोणी बाईपणाचे धडे देऊ नयेत. ‘खरं बाळंतपण’ नैसर्गिकच असतं, असं सांगत फिरणारे लोक मला ‘टाके आहेत ना’वाल्यांइतकेच परके आहेत. दोघेही बाईचं ऐकून घेत नाहीत. पण ज्यांना पर्याय आहे हेच ठाऊक नाही, त्यांच्या मागणीला मागणी कसं म्हणायचं? फिनलंड, स्वीडन, नेदरलँड्समध्ये सिझर झालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास बायका नंतर नैसर्गिकरीत्या बाळंत होतात. आयर्लंड, जर्मनी, इटलीत हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. शरीरं तीच आहेत. वरच्या गटातल्या देशांत डॉक्टर, सुईणी, परिचारिका सगळ्यांच्या बोलण्यात प्रयत्न हाच पहिला पर्याय असतो आणि सिझर हवं असेल तर त्यावर बोलणं होतं. आपल्याकडे हा क्रम उलटा आहे.

कायदा बाईच्या बाजूने आहे. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की उपचाराचं स्वरूप, फायदे, धोके आणि पर्याय पुरेसे सांगितल्याशिवाय घेतलेली संमती ग्राह्य नाही. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नियमांनी नर्सिंग होमना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला सांगितलं आहे. त्या सनदेशेजारी दोन आकडे लावायला फार जागा लागणार नाही: गेल्या वर्षी इथे किती सिझर झाली, आणि आधी सिझर झालेल्या किती जणी नैसर्गिकरीत्या बाळंत झाल्या. दुसरा आकडा शून्य असेल तर तोही लावावा, म्हणजे बाई चौथ्या महिन्यातच दुसरं दार ठोठावू शकेल.

सुरुवात मात्र पहिल्या ऑपरेशनलाच करायला हवी. सिझर झालेल्या कित्येक बायकांच्या डिस्चार्ज कार्डावर ‘एलएससीएस’, म्हणजे सिझर झालं, एवढीच नोंद असते. का केलं, तेव्हा पिशवीचं तोंड किती उघडलं होतं, छेद कसा होता, तो वरपर्यंत फाटला होता का, आणि पुढच्या वेळी प्रयत्न करायला हरकत आहे का, यातलं काहीच नाही. मग दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या गावचा डॉक्टर त्या पोटाकडे पाहून अंदाज बांधतो, आणि अंदाज बांधायचा म्हटल्यावर तो सावधच बांधणार. ही चार-पाच वाक्यं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरने त्याच दिवशी मराठीत लिहावीत, बाळंतिणीला वाचून दाखवावीत आणि तो कागद बाळाच्या लसीकरण कार्डाबरोबर तिच्या हाती द्यावा.