वाद, हेतू आणि पुरावा

लहान माणसाच्या युक्तिवादाला मराठीत धड नाव नाही. मुलाने कारण विचारले की ते ‘उलटून बोलते’, पुन्हा विचारले की ‘हुज्जत घालते’, आणि मोठ्यांचे म्हणणे खोडून काढले तर ‘तोंड वर करून बोलते’. ‘वाद’ हा शब्द तर ‘घालू नकोस’ या निषेधासहच त्याच्या कानी पडतो. अशा भाषेत वाढलेल्या मुलाला आम्ही नववी-दहावीत एकाएकी ‘आपले मत सकारण मांडा’ असे फर्मावतो. कृतिपत्रिकेतील ‘स्वमत’ या प्रश्नाखाली मग जे उतरते, त्यात ‘स्व’ही नसतो आणि मतही नसते, पाठातील विचार ‘मला असे वाटते की’ या शब्दांमागे उभा केलेला असतो. दोष मुलांचा नाही. ज्या कामाची अवजारे हाती दिली नाहीत, ते काम त्यांच्याकडून मागितले जात आहे.

ही अवजारे म्हणजे शब्दच होत: प्रतिपादन, कारण, पुरावा, दाखला, आक्षेप, पूर्वपक्ष, खंडन, निष्कर्ष. व्याख्या पाठ करून ते हाती येत नाहीत. ‘पुरावा’ म्हटले की आमच्या मुलांना पोलीस ठाणे आठवते. ‘पटवून देणे’ म्हटले की मागच्या बाकांवर हशा पिकतो. का, ते प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. त्या हशाने बिचकून शब्द टाळण्यापेक्षा तो पुनःपुन्हा वापरून मुलांच्या अंगवळणी पाडावा, असे आमचे मत आहे.

‘हेतू’ या शब्दापाशी मात्र थोडे थांबले पाहिजे. आपल्या प्राचीन तर्कशास्त्रात हेतू म्हणजे कारण, ज्याच्या बळावर विधान उभे राहते ते. डोंगरावर अग्नी आहे हे विधान आणि तेथे धूर दिसतो हा हेतू. बौद्ध परंपरेने या शास्त्राला ‘हेतुविद्या’ हेच नाव दिले. नालंदेत ती शिकवली जाई, आणि दिङ्नाग व धर्मकीर्ती यांनी तिला जो काटेकोरपणा दिला त्याची दखल विरोधी दर्शनांनाही घ्यावी लागली. आजच्या मराठीत मात्र हेतू म्हणजे मनातला उद्देश. हा केवळ अर्थबदल म्हणून सोडून देता येत नाही, कारण आपल्या सार्वजनिक चर्चेची रीतही नेमकी त्याच दिशेने बदललेली दिसते. समोरच्याने दिलेले कारण तपासण्याऐवजी आपण त्याच्या मनात काय आहे हे शोधू लागतो. ‘हे बोलण्यामागे तुमचा हेतू काय?’ असे विचारले की त्याचे बोलणे तपासण्याची गरजच संपते. आमच्या वर्गातील मुलांना हेतूचे हे दोन्ही अर्थ ठाऊक असावेत आणि आपण सध्या कोणत्या हेतूवर बोट ठेवत आहोत, हे त्यांना सांगता यावे.

पूर्वपक्ष म्हणजे काय, हे समजावण्यासाठी आम्हांला दूर जावे लागत नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात तरुण भीमराव आंबेडकरांनी प्रथम सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या व्याख्या मांडल्या, प्रत्येकीत ग्राह्य काय व अपुरे काय ते दाखवले, आणि त्यानंतरच जातीअंतर्गत विवाह हे जातीचे मर्म आहे, हा आपला सिद्धान्त ठेवला. वीस वर्षांनी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ लिहिताना, जात म्हणजे श्रमांची विभागणी होय हा समर्थकांचा पक्ष त्यांनी मांडला आणि ही विभागणी श्रमांची नसून श्रम करणाऱ्या माणसांची आहे, हे दाखवून दिले. एका शब्दाच्या फरकाने प्रतिपक्षाचा आधार कसा सुटतो, हे शिकवायला याहून चांगला नमुना आम्हांस ठाऊक नाही. खेद इतकाच की १४ एप्रिलच्या वक्तृत्व स्पर्धेत आमची मुले बाबासाहेबांचे गुणगान तारस्वरात करतात. बाबासाहेब वाद कसा करीत, हे त्यांना क्वचितच सांगितले जाते.

वसतिगृहातील मुलांसाठी हा प्रश्न गुणांपुरता नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना ‘मायबाप’ म्हणूनच दाद मागावी लागे, त्यांची ही नातवंडे-पतवंडे आहेत. आम्ही शिकवतो त्या अर्जाच्या अखेरीसही ‘आपला आज्ञाधारक’ असतोच. आणि पाठ्यपुस्तकातील ‘मागणी पत्र’ बहुधा रोपे किंवा पुस्तके मागवण्याचे असते! समजा, अभ्यासिकेतील दिवे उशिरापर्यंत चालू हवे आहेत. ‘आम्ही गरीब घरची मुले आहोत, कृपा व्हावी’ असे लिहिता येते. किंवा असे लिहिता येते: भोजन आठला आटोपते, दिवे साडेनऊला मालवतात, दहावीच्या मुलांच्या हाती दीडच तास उरतो, लहान मुलांची झोप मोडेल हा आक्षेप रास्त आहे, परंतु अभ्यासिका त्यांच्या खोल्यांपासून दूर आहे, म्हणून परीक्षेपर्यंत एक तास वाढवावा. दुसऱ्या पत्रात नम्रता उणावलेली नाही. फक्त वाचणाऱ्याला आता दया दाखवून किंवा नाकारून भागत नाही, कारणाला उत्तर द्यावे लागते.

ते द्यायची तयारी आहे का, हा प्रश्न आम्हां शिक्षकांना आणि अधीक्षकांना आहे. ‘मिलिंदप्रश्न’ या ग्रंथात संवाद पुढे नेण्यापूर्वी भदन्त नागसेन राजाला विचारतात की बोलणे पंडितांच्या रीतीने व्हायचे की राजांच्या. पंडितांच्या वादात खंडन होते, चूक मान्य केली जाते, पण कोणी रागावत नाही. राजाच्या वादात विरोध करणाऱ्याला दंड होतो. मिलिंदाने पंडितांची रीत स्वीकारली आणि मगच पुढले प्रश्न निघाले. शाळेत हजेरी आणि शेरा आमच्या हाती असतो. म्हणून ही अट आम्ही आपणहून स्वीकारल्याखेरीज मुलांनी युक्तिवाद शिकावा, ही अपेक्षा पोकळ आहे. कालामांना केलेल्या उपदेशात तर, हा श्रमण आपला गुरू आहे एवढ्यावरून काही मानू नये, असेही तथागतांनी बजावले आहे. हे सुत्त प्रार्थनासभेत वाचायचे आणि वर्गात ‘मी सांगतो म्हणून’ म्हणायचे, हे एकत्र नांदणार नाही.

आमची सूचना साधी आहे. शनिवारच्या वादसभेत प्रत्येकाने आधी विरोधकाचे म्हणणे अशा शब्दांत मांडावे की विरोधकाने ‘होय, हेच माझे म्हणणे’ असे कबूल करावे. तोवर खंडनाची परवानगी नसावी. आणि वसतिगृहाकडे आलेल्या प्रत्येक लेखी मागणीला आठ दिवसांत लेखी, सकारण उत्तर मिळावे. नकार असला तरी चालेल. नकाराचे कारण मात्र सूचनाफलकावर लावले जावे, म्हणजे मुलांना त्यावरही आक्षेप लिहिता येईल.