उतार आणि पूल

पुलाचा इतिहास सहसा कोनशिलेपासून लिहिला जातो. जालना शहराच्या बाबतीत ही पद्धत अपुरी पडते, कारण कुंडलिकेच्या उजव्या तीरावरचे जुने जालना आणि डाव्या तीरावरचे कादराबाद ही दोन गावे समोरासमोर वाढली, आणि आजचे लोखंडी पूल, राजमहल पूल, रामतीर्थ पूल उभे राहण्यापूर्वी त्यांच्यातले दळणवळण उतारावरून, म्हणजे पात्र पसरट, तळ टणक आणि पाणी उथळ असल्याने जेथून माणसे व गाड्या पार होतात अशा जागेवरून, चालत असणार.

या अनुमानाला जिल्ह्यातच एक ठळक आधार सापडतो. 23 सप्टेंबर 1803 रोजी असई येथे शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांसमोर आलेल्या इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीला केळणा नदी ओलांडायची होती. वाटाड्यांनी जवळपास उतार नसल्याचे सांगितले, परंतु दुर्बिणीतून नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे दिसताच, अशा शेजारी गावांमध्ये ये-जा असल्याशिवाय राहणार नाही, असा तर्क करून त्याने सैन्य तिकडे वळवले, आणि तेथे उतार निघाला. इंग्रजी इतिहासकारांनी याचे श्रेय सेनापतीच्या बुद्धीला दिले आहे. ते चुकीचे नाही, पण बाजारासाठी, सोयरिकीसाठी पिढ्यानपिढ्या नदी तुडवणाऱ्या गावकऱ्यांनी तो पुरावा आधीच तयार करून ठेवला होता. (वाटाड्यांना उतार ठाऊक नव्हता की सांगायचा नव्हता, हा प्रश्न मात्र वाचकांवर सोपवलेला बरा.)

पूल हा उताराचाच पुढचा टप्पा होय. मात्र उतारावर पावसाळ्यात थांबावे लागे, ते थांबणे पुलाने संपवले. मधली पायरी फरशी पुलाची. पुराचे पाणी वरून वाहून जाऊ द्यावे अशा बेताने बांधलेला हा ठेंगणा पूल मराठवाड्याच्या ग्रामीण रस्त्यांवर आजही दिसतो, आणि पूर ओसरेपर्यंत वाहतूक बंद राहणे हे त्याच्या रचनेतच गृहीत असते. शहरातल्या उंच पुलांना ही मुभा नाही. कुंडलिका दुधनेला, दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला मिळते. वर घाणेवाडीचा तलाव असला तरी मोठ्या पावसात शहरातले पात्र फुगतेच, आणि काठांवरच्या बांधकामांनी ते जितके आवळले जाईल, तितका प्रवाहाचा भार खांबांवर वाढतो.

म्हणून जुना पूल पाडून नवा बांधण्यापूर्वी त्याची मोजमापे, पायाचे स्वरूप आणि पुराच्या पातळीच्या खुणा नगर प्रशासनाने नोंदवून ठेवाव्यात, अशी या अंकाची मागणी आहे. नव्या पुलाची उंची ठरवताना त्याच उपयोगी पडतील.