काळे डोळे आणि कडक ऊन

"आपले डोळे काळे, आपल्याला उन्हाचे काय भय?" जुन्नर-आंबेगावकडे शेतात राबणारी वडीलधारी मंडळी असे सहज म्हणून जातात. या बोलण्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. उरलेले अर्धे उंदरांवरच्या प्रयोगांनी दाखवले आहे.

१९६६ साली अमेरिकेतील बफेलो येथे वर्नर नोएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाल डोळ्यांच्या पांढऱ्या उंदरांना तासन् तास उजेडात ठेवले. तो उजेड डोळा भाजेल इतका प्रखर नव्हता. तरीही डोळ्याच्या मागच्या पडद्यातील, म्हणजे रेटिनातील, उजेड टिपणाऱ्या पेशी मेल्या. तशाच उजेडात काळ्या डोळ्यांचे उंदीर बरेच सुरक्षित राहतात, असे पुढे दिसून आले.

हे रक्षण कोण करते? १९८० च्या सुमारास काळ्या डोळ्यांच्या उंदरांच्या डोळ्यांत थेंब घालून बाहुली मोठी केली गेली आणि मग त्यांना उजेडात ठेवले गेले. त्यांचे संरक्षण बरेचसे नाहीसे झाले! म्हणजे मुख्य राखणदार होते ते रंगीत बुबुळ. उजेड वाढला की ते बाहुली आवळते आणि त्यातील मेलॅनिन हे रंगद्रव्य आजूबाजूचा उजेड अडवते. पांढऱ्या उंदराचे बुबुळ मात्र पातळ मलमलीसारखे. बाहुली आवळली तरी उजेड त्यातून आत शिरतोच.

उंदीर रात्रीचा प्राणी, माणूस दिवसाचा. त्यामुळे उंदराचे सारे जसेच्या तसे आपल्याला लागू होत नाही. पण मुद्दा ध्यानात घेण्यासारखा आहे: काळे बुबुळ ही अल्लाह तआलाची नेमत आहे, पण ती दाराची झडप आहे. दार उघडे राहिले की झडपेचा उपयोग नाही.

नारायणगावला डॉ. मनोहर डोळे यांनी उभे केलेले मोहन ठुसे नेत्र रुग्णालय आहे. ग्रामीण नेत्रसेवेबद्दल डॉक्टरांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. कोणत्याही नेत्र रुग्णालयात तपासणीसाठी थेंब घालतात, तेव्हा बाहुली काही तास मोठी राहते. उजेड खुपतो, जवळचे धूसर दिसते. म्हणून दादीला तपासायला नेताना गॉगल किंवा छत्री न्यावी, सोबत कुणीतरी असावे आणि त्या दिवशी स्वतः गाडी चालवू नये.

सूर्याकडे टक लावून पाहिले, तर आवळलेली बाहुलीही वाचवत नाही. रेटिनाला वेदना कळत नाही. काही तासांनी नजरेच्या मधोमध डाग दिसू लागतो, आणि तो कधी कायमचा राहतो. प्रखर उजेड डोळ्याला इजा करतो, हे इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकातच आपल्या प्रकाशशास्त्राच्या ग्रंथात नोंदवले होते.

२ ऑगस्ट २०२७ रोजी मक्का शरीफमध्ये खग्रास सूर्यग्रहण आहे. सूर्य पाच मिनिटांहून अधिक काळ झाकलेला राहील. त्या दिवसांत उमराहला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. अंधारात बाहुली मोठी होते आणि पहिला किरण अचानक येतो, नेमका झडप उघडी असताना! एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, साधा गॉगल, परातीतले पाणी, यांपैकी काहीही सुरक्षित नाही. 'आयएसओ १२३१२-२' प्रमाणित ग्रहणचष्मा वापरावा. नाहीतर झाडाखाली पाठमोरे उभे राहून पानांच्या फटींतून जमिनीवर पडलेल्या सूर्याच्या कोरी मुलांना दाखवाव्यात.

हुजूर (स.) यांचे पुत्र इब्राहीम यांचे निधन झाले, त्या दिवशी ग्रहण लागले होते. लोकांनी दोहोंचा संबंध जोडला, तेव्हा आपण (स.) सांगितले की सूर्य-चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या जन्म-मृत्यूने त्यांना ग्रहण लागत नाही, ग्रहण दिसले की नमाज पढा.

शेवटी एक विनंती. जन्मतः रंगद्रव्य कमी असलेली मुलेही आपल्या वस्तीत असतात. त्यांना उजेड सोसत नाही आणि त्यांची नजरही बहुधा कमी असते. त्यांना चिडवू नये. टोपी, गॉगल आणि वर्गात पुढच्या बाकावर जागा द्यावी. त्यांच्या डोळ्यांना जी झडप मिळाली नाही, ती आपण होऊ या.