विश्लेषण : माशासोबत रेड वाइन खरेच चालत नाही का?

हॉटेलात सुरमई मागवून सोबत रेड वाइन सांगितली, की ‘फिशबरोबर व्हाइट घ्या’ असा सल्ला हमखास मिळतो. हा नियम इतका रुळला आहे की तो मोडणाऱ्याला वाइनमधले काही कळत नाही, असेच धरले जाते. नियम निराधार नाही, पण तो रंगावर बेतल्यामुळे चांगल्या जोड्याही उगाच बाद होतात.

नेमके बिघडते काय?

रेड वाइनचा घोट घेतल्यावर कधी कधी माशाचा वशट वास तोंडात रेंगाळतो. याचे खापर बरीच वर्षे टॅनिनवर फुटले. टॅनिन म्हणजे द्राक्षाच्या सालीत आणि बियांत असणारा तुरट घटक. कडक कोऱ्या चहाने तोंड कोरडे पडते, तसाच त्याचा परिणाम.

२००९ मध्ये जपानमधील मर्शियन या वाइन कंपनीच्या संशोधकांनी ३८ रेड आणि २६ व्हाइट वाइन स्कॅलप या शिंपल्यासोबत तपासल्या. तेव्हा वशटपणाचा संबंध वाइनमधल्या लोहाशी निघाला. लिटरमागे साधारण २ मिलिग्रॅमच्या वर लोह गेले, की वास वाढायचा. लोहाला बांधून ठेवणारे रसायन मिसळल्यावर तो कमी झाला. लोह कमी असलेल्या रेड वाइनने मात्र चव बिघडवली नाही.

मग निवडायचे कसे?

पंचाईत अशी की लेबलवर लोहाचे प्रमाण छापलेले नसते. ते माती आणि प्रक्रियेची यंत्रे यांनुसार बदलते. ग्राहकाच्या हातात उरते ते टॅनिन. पिनो न्वार किंवा फ्रान्सच्या बोजोलेतील गामे या हलक्या रेड वाइनमध्ये ते कमी असते. अमेरिकेतील ओरेगॉनमध्ये सॅमनसोबत पिनो न्वार ही तर नेहमीची जोडी. हलकी रेड थोडी थंड, १२ ते १४ अंशांवर प्यावी. जड रेड थंड केली की तिचा तुरटपणा जास्त जाणवतो.

आपल्याकडे घोळ मसाल्याचा आहे. अल्कोहोलमुळे मिरचीचा जाळ वाढतो आणि टॅनिन त्यात भर घालते. त्यामुळे तिखट मालवणी कालवणासोबत नाशिकची दमदार शिराझ किंवा कॅबर्ने नकोच. अर्थात, तिथे कोरडी व्हाइटही फारसा दिलासा देत नाही. रवा लावून तळलेला बांगडा किंवा सुरमई हलक्या रेडसोबत बिनधास्त चालावी. तिसऱ्या आणि कालवे असतील, तर रेड टाळलेली बरी.

आणि बाटलीआधी एक ग्लास मागवावा. लोह जास्त असेल, तर दुसऱ्याच घासाला कळते.