चिठ्ठीला उशीर नको

परळच्या नाना पालकर स्मृती समितीची ओळख या वाचकांना नव्याने करून द्यायला नको. डॉ. हेडगेवारांचे चरित्रकार नाना पालकर यांच्या स्मरणार्थ १९६८ साली उभ्या राहिलेल्या या संस्थेत बाहेरगावच्या रुग्णांची निवासाची सोय होते आणि गरजूंना अल्प दरात डायलिसिसही मिळते. परंतु डायलिसिसच्या खाटेपर्यंत पोहोचणाऱ्यांपैकी कितीजणांचे तेथवर येणे लांबवता आले असते, हा प्रश्न सेवाकार्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनीच विचारावयास हवा.

मूत्रपिंडाचा जुनाट विकार वाळवीसारखा असतो. वरून लाकूड शाबूत, आतून भुसा. पायावर सूज, मळमळ, धाप ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा बरेचसे कार्य गमावलेले असते. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही त्याची दोन प्रमुख कारणे. गिरगाव-दादरच्या मध्यमवर्गीय घरांत या दोहोंच्या गोळ्या आता देव्हाऱ्यातील निरांजनाइतक्या नित्याच्या झाल्या आहेत. साखर तपासली जाते, रक्तदाब मोजला जातो. लघवीतील अल्ब्युमिन मात्र सहसा कोणी पाहत नाही. क्रिएटिनिनचा आकडाही फसवा असतो. साठीतील स्त्रीच्या अहवालात १.४ दिसले की घरचे ‘थोडेसेच वाढले आहे’ म्हणून निश्चिंत होतात. वय व लिंग धरून हिशेब केला, तर तिच्या मूत्रपिंडांची गाळणक्षमता निम्म्याहून खाली आलेली असते.

ही क्षमता तिसाच्या खाली उतरली, ती झपाट्याने घसरू लागली अथवा लघवीतून प्रथिने मोठ्या प्रमाणात जाऊ लागली, की रुग्णाला मूत्रपिंडविकारतज्ज्ञाकडे पाठवावे, असा वैद्यकाचा सर्वमान्य संकेत आहे. तो का पाळला जात नाही? दोष एकट्या डॉक्टरांचा नाही. चाळीतील तीन पिढ्यांची प्रकृती तोंडपाठ असलेला कुटुंबवैद्य गिरगावातच राहिला आणि कुटुंबे विरार-बदलापूरला गेली. जुने अहवाल स्थलांतरात हरवले. ‘मोठ्या डॉक्टरकडे गेलो की मशीनला लावतील’ ही भीतीही आहेच. वास्तविक लवकर जाण्याचा हेतू नेमका उलटा असतो. मूत्रपिंडाची झीज मंदावणारे डॅपाग्लिफ्लोझिन हे औषध भारतातील पेटंट २०२० मध्ये संपल्यावर स्वदेशी कंपन्यांनी स्वस्त केले. पण त्याचा पुरेपूर लाभ वेळेवर आलेल्यालाच.

आणि डायलिसिस अटळच असेल, तरी पूर्वतयारी लागते. हातातील धमनी व शीर जोडून केलेला ‘फिस्च्युला’ पक्व व्हायला काही आठवडे, कधी काही महिने जातात. ऐनवेळी आलेल्या रुग्णाच्या मानेत नळी घालावी लागते. तीतून जंतुसंसर्गाचा धोका अधिक.

एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. आयुर्वेदावरील आपली श्रद्धा योग्यच. पण जाणकार वैद्याला न विचारता कोणाच्या सांगण्यावरून घेतलेली भस्मे आणि गुडघेदुखीसाठी महिनोन्महिने गिळलेल्या वेदनाशामक गोळ्या, दोन्हींनी मूत्रपिंडांची हानी होऊ शकते. त्यात स्वदेशी-विदेशी असा भेद नाही.

परळचे के.ई.एम. रुग्णालय व सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली सुरू झाले, ते तेथील अध्यापक भारतीयच असावेत या देणगीदारांच्या अटीसह. परकीय सत्तेत हा आग्रह धरणारी माणसे याच शहरातील होती. लालबाग-परळच्या मंडळांनी गणेशोत्सवातील आरोग्य शिबिरांत साखरेबरोबर लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनची तपासणी जोडणे त्या मानाने सोपे आहे. ज्यांचे अहवाल बिघडलेले आढळतील, त्यांच्या हाती नुसता कागद देऊन भागणार नाही. मागील अहवाल, चालू औषधे आणि रक्तदाबाची नोंद असलेली डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन, कार्यकर्त्याने त्यांच्यासोबत बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभे राहावे. म्हातारी माणसे बहुधा त्या रांगेला भिऊनच घरी परततात.