परदेशी जहाजांच्या तपासणीत मुलाहिजा नको

मा. संपादक यांस,


ज्याला समुद्राचे दर्शनही क्वचितच घडते, अशा गोदाकाठच्या गेवराई तालुक्यातील वाचकाने परदेशी जहाजांच्या तपासणीविषयी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आमच्या शेतात पडणारे पोटॅश आणि आमच्या कढईतले पामतेल या जहाजांतूनच देशात उतरते, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रश्नाशी आमचा संबंध नाही असे कोणी म्हणणार नाही.

मालक एका देशाचा, निशाण दुसऱ्या देशाचे आणि खलाशी तिसऱ्याच देशाचे, अशी आजच्या पुष्कळ जहाजांची अवस्था आहे. जहाज सुस्थितीत ठेवण्याची पहिली जबाबदारी निशाण देणाऱ्या देशाची असली, तरी तिचे पालन सर्वत्र सारख्या कसोशीने होत नाही; म्हणूनच सागरी सुरक्षेच्या आणि ‘मार्पोल’ या प्रदूषणप्रतिबंधक करारान्वये बंदराच्या देशाला परकीय जहाज तपासण्याचा, आणि गंभीर दोष आढळल्यास ते दुरुस्तीपर्यंत रोखून धरण्याचा अधिकार मिळालेला आहे. तो अंमलदाराच्या लहरीचा भाग नसून किनाऱ्यावरील प्रजेच्या वतीने सोपविलेली अमानत आहे.

ती सांभाळण्यात कसूर झाली तर काय घडते, याचा अंदाज यावा म्हणून 2011 सालचा पावसाळा आठवावा. ओमानजवळ इंजिन बंद पडल्याने खलाशांनी सोडून दिलेले, पनामाचे निशाण असलेले ‘पवित’ हे तेलवाहू जहाज वाहत वाहत 31 जुलै रोजी थेट जुहूच्या वाळूत येऊन रुतले. आणि लगोलग 4 ऑगस्टला ‘रॅक कॅरियर’ हे 1984 साली बांधलेले, पनामाच्याच निशाणाचे जहाज साठ हजार टन कोळशासह मुंबईजवळ बुडाले. त्यावरील तीसही माणसे वाचली, परंतु तेलाचा तवंग समुद्रावर पसरला आणि त्याची झळ कोळी बांधवांना लागली. पहिले जहाज आपल्या बंदराला लागलेलेच नव्हते आणि दुसरे इंडोनेशियाहून गुजरातेतील दहेजकडे निघाले होते; तेव्हा एका बंदराने दाखविलेल्या ढिलाईचे फळ दुसऱ्याच किनाऱ्याला भोगावे लागू शकते, हे उघड आहे. याचसाठी हिंदी महासागरातील राष्ट्रांनी तपासणीचा सामायिक करार त्यापूर्वीच केला होता. तो 1 एप्रिल 1999 पासून अंमलात आला आणि त्याचे सचिवालय आपल्या गोव्यात आहे. त्या मानाला साजेशी दक्षता आपल्या बंदरांत दिसली पाहिजे.

दाखले पाहून शिक्का मारणे म्हणजे तपासणी नव्हे. जीवरक्षक होडी प्रत्यक्ष पाण्यात उतरवावयास सांगणे, आणीबाणीचा अग्निशामक पंप आपल्यादेखत चालू करविणे, तेलकट पाणी गाळणाऱ्या यंत्राच्या बाहेर जाणाऱ्या नळीचा जोड उघडून आत तेलाचा थर आहे काय हे पाहणे, आणि तेलाच्या नोंदवहीतील आकडे टाक्यांतील प्रत्यक्ष साठ्याशी ताडून घेणे, ही खरी तपासणी होय. कारण दाखला कोरा करकरीत असूनही होडीची दोरी कुजलेली असू शकते.

अशा कडकपणाने व्यापार खोळंबेल, नाडणुकीला वाव मिळेल, असा आक्षेप घेतला जातो व तो अगदीच निराधार नाही. परंतु विनाकारण रोखलेल्या जहाजाला नुकसानभरपाई मागण्याची तजवीज या करारांतच आहे, आणि जहाजाचे वय, निशाण व पूर्वेतिहास पाहून जोखमीची जहाजे आधी तपासण्याची पद्धतही रूढ आहे. ज्याचे माप चोख, त्याला काट्याची धास्ती नसते. उलट कुजके जहाज स्वस्तात चालविणाऱ्याला मोकळीक देणे म्हणजे नियम पाळणाऱ्या मालकाला दंड करणे होय.

म्हणून नौवहन महासंचालनालयाला माझी विनंती आहे की, मुंबई, न्हावाशेवा, जयगड यांसारख्या बंदरांसाठी अनुभवी सर्वेक्षकांची संख्या पुरेशी ठेवावी. आणि दरमहा कोणते जहाज, कोणत्या निशाणाचे, कोणत्या दोषासाठी रोखले व केव्हा सोडले, याची यादी इंग्रजी दप्तरापुरती न ठेवता मराठीतही प्रसिद्ध करावी. किनाऱ्यावरचा मच्छीमार ती यादी वाचू लागला, की कसूर करणाऱ्या मालकाला आणि भीड बाळगणाऱ्या अंमलदारालाही जाब विचारणारा साक्षीदार निर्माण होईल.

आपला,
एक वाचक
उमापूर, ता. गेवराई, जि. बीड