उंचीसाठी वाट किती पाहायची?

‘वयात आली की मुले आपोआप वाढतात’ असा धीर देणारे पत्र वाचले. काही मुलांबाबत ते खरेही आहे. पण सरसकट हा सल्ला घातक ठरू शकतो. आमच्या दाराच्या चौकटीवर लेकीच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. सहाव्या आणि सातव्या वाढदिवसाच्या खुणांत जेमतेम ३ सेंटिमीटर अंतर दिसले, तेव्हा बालरोगतज्ज्ञांना गाठले. थायरॉईडची कमतरता निघाली. गोळी सुरू झाली आणि खुणा पुन्हा वर सरकू लागल्या. चार वर्षांपुढील मूल वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर तरी वाढायला हवे. हाडांची वाढीची टोके एकदा जुळली की उपचारांची वेळ निघून जाते. म्हणून पालकांनो, दर सहा महिन्यांनी उंची मोजा, लिहून ठेवा आणि वाढ मंदावली तर थांबू नका.

– एक आई, सांगली